विंडोज १० गेलं, लॅपटॉप धडधाकट आहे. लिनक्स टाकावं का? (आणि मोबाईलचं काय?)

सांजवात

मंडळी, सल्ला हवा आहे. बाबांचा लॅपटॉप २०१५चा. पाचव्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्डडिस्क. स्क्रीन, कीबोर्ड, बिजागऱ्या सगळं शाबूत, कारण बाबा वस्तू वापरण्यापेक्षा जपतात जास्त. लॅपटॉपवर अजून क्रोशाचा रुमाल असतो. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तेव्हापासून अधूनमधून पडदाभर सूचना येते आणि बाबांना वाटतं, आपल्याच हातून काही बिघडलं. विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चढत नाही. गावातला (चिपळूणचा) दुकानदार म्हणतो, 'काका, आता नवीनच घ्या.'

बाबांची कामं अशी: मराठी टायपिंग (ग्रामपंचायतीला, वीज कार्यालयाला आणि वर्तमानपत्रांना पत्रं), यूट्यूबवर नाट्यगीतं, बँकेची वेबसाईट, परदेशातल्या नातवाशी व्हिडिओ कॉल आणि पत्त्यांचा सॉलिटेअर. छपाई कधीमधी.

प्रश्न दोन. लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं तर ७४ वर्षांच्या निवृत्त मुख्याध्यापकांना झेपेल का? आणि दुसरा, कदाचित बावळट वाटेल: त्यांच्या फोनचेही अपडेट बंद झालेत, फोन मात्र ठणठणीत आहे. त्यावरही असंच काही टाकता येतं का?

घिसाडी

ताई, ऑपरेटिंग सिस्टिमचं नंतर बघू. आधी ती फिरती डिस्क काढा. त्या काळातल्या लॅपटॉपांत बहुतेक ५४०० आरपीएमची डिस्क असायची. अशी डिस्क विखुरलेल्या छोट्या फायली सेकंदाला शंभरच्या आसपासच वाचू शकते. साधी साटा एसएसडी (काहीही न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क) हेच काम हजारोंच्या हिशेबात करते. लोक म्हणतात 'प्रोसेसर म्हातारा झाला'. प्रोसेसर बिचारा डिस्कची वाट बघत बसलेला असतो.

२.५ इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबी. बाबांना एवढी रग्गड. रॅम वाढवायची तर खालचं झाकण उघडून आधी स्लॉट एक आहे की दोन ते बघा. काहींमध्ये ४ जीबी बोर्डावरच चिकटवलेली असते. या पिढीला डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. दुकानदार 'डीडीआर३ चालेल हो' म्हणून १.५ व्होल्टची देईल, ती घेऊ नका. नव्या रॅमचे भाव सध्या चढलेत, त्यामुळे जुनी काढलेली मिळाली तर बघा. मुंबईला कुणी येणार असेल तर ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड. घासाघीस करायला लाजायचं नाही.

झाकण उघडलंच आहे तर पंख्यातली धूळ ब्रशने काढा आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्या. दहा वर्षांत तिचं पापड झालेलं असतं. आणि बॅटरी फुगलीय का ते नक्की बघा. टचपॅड वर आल्यासारखं वाटत असेल किंवा झाकण नीट बसत नसेल तर बॅटरी फुगलेली आहे. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज तर अजिबात करायची नाही. काढून ठेवा, लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालेल. फक्त कोकणात वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर असू द्या.

मिंटाळलेला

घिसाडींना +१. एसएसडी टाकली की अर्धी लढाई संपली.

उरलेल्या अर्ध्यासाठी लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा एक सोपा अवतार. सध्याची २२ मालिका उबुंटू २४.०४ या लिनक्सवर बेतलेली आहे आणि एप्रिल २०२९पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार. रॅम ८ जीबी झाली तर सिनॅमन आवृत्ती घ्या, ४च राहिली तर एक्सएफसीई. दिसायला दोन्ही विंडोज ७च्या वळणाची: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. बाबांना विंडोज ११पेक्षा हेच ओळखीचं वाटेल.

मुख्य गोष्ट: आधी टाकू नका, आधी चालवून बघा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंटची प्रतिमा (आयएसओ फाईल) लिहा, लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करा, डिस्कला हात न लावता सगळी सिस्टिम समोर येते. मग वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, ब्राइटनेसची बटणं चालतात का, आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हे तपासा. शेवटचं लोक हमखास विसरतात.

वायफाय नाही लागलं तर घाबरू नका. काही ब्रॉडकॉम चिपांचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. फोन यूएसबीला जोडा, फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्या आणि मिंटमधला 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. तो स्वतःच सुचवतो. काळ्या पडद्यात काही टंकायची गरज नाही.

जमाखर्च

मी नेहमीप्रमाणे मिठाचा खडा टाकतो. व्यवसायाने सनदी लेखापाल आहे, लिनक्सवाल्यांचं दरवर्षीचं 'यंदा डेस्कटॉप आपलाच' ऐकत म्हातारा होत आलोय.

टॅली विंडोजवर चालतं. वाईनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन) चालवणारे भेटतात, पण मार्च अखेरीला ते भेटत नाहीत. क्लायंटची मॅक्रोंनी भरलेली एक्सेल लिब्रेऑफिसमध्ये उघडली की अर्धी मॅक्रो मान टाकतात. डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर बसवणं हा स्वतंत्र उद्योग आहे. ज्याची रोजीरोटी या तीन गोष्टींवर आहे त्याने या धाग्यात भुलू नये.

आणि हो, विंडोज १०ला लगेच मरण नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची एक वर्षाची वाढीव मुदत दिलीय, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. नोंदणी तेवढी करावी लागते. तोवर घाई कशाला?

मिंटाळलेला

जमाखर्च साहेब, धागाकर्तीच्या बाबांना टॅली नको, मॅक्रो नकोत, टोकन नको. सॉलिटेअर हवाय. तुमचा मुद्दा तुमच्यासाठी शंभर टक्के बरोबर. वाढीव मुदत घेतली तरी ऑक्टोबरात हाच धागा पुन्हा काढावा लागेल, एवढंच.

जमाखर्च

काढा की. तेव्हाही येईन. (हलके घ्या)

अडाणी_पंडित

'लिनक्स' हे फक्त कर्नलचं, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या सिस्टिमच्या गाभ्याचं, नाव आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली गनू प्रकल्प जाहीर केला, त्याची साधनं धरून या सिस्टिमला 'गनू/लिनक्स' म्हणणं उचित. अँड्रॉइडमध्येही लिनक्सचंच कर्नल आहे, त्यामुळे 'फोनवर लिनक्स टाकता येईल का' हा प्रश्नच चुकीचा मांडलाय. बाबांच्या फोनवर लिनक्स आहेच.

संत्रानगरीवाला

आले बाप्पा! म्या म्हटलंच होतं, दहा प्रतिसादांच्या आत पंडितजी गनू घेऊन येतात.

रॉमखोर

पंडितजींचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खरं आहे आणि सांजवात यांच्या काहीही कामाचं नाही. त्यांचा प्रश्न बावळट तर अजिबात नाही. दहा वर्षांचा लॅपटॉप नव्याने उभा राहतो आणि चार वर्षांचा फोन राहत नाही, दोन्हींत कर्नल एकच असूनही. का? जरा लांबण लावतो.

तुमचे बाबा मुख्याध्यापक होते, म्हणून त्यांच्याच भाषेत. पीसी म्हणजे हजेरी देणारा वर्ग. सिस्टिम सुरू होताना कर्नल पीसीआय आणि यूएसबीच्या वाटेवर नावं पुकारतं आणि प्रत्येक भाग आपला बनवणारा कोण आणि आपला क्रमांक काय ते सांगतो. पंखे, बॅटरी, झाकण यांची माहिती एसीपीआयच्या तक्त्यांतून मिळते. हे सगळं ठरलेल्या मानकांनुसार. त्यामुळे एकच पेनड्राइव्ह बाबांच्या लॅपटॉपवरही चालतो आणि माझ्या ऑफिसच्या डबड्यावरही. लॅपटॉपच्या कंपनीला विचारायची गरजच पडत नाही.

फोनच्या वर्गात हजेरीला कुणी उत्तर देत नाही. एआरएम चिपवर कुठला भाग कुठल्या पत्त्यावर बसवलाय ते कर्नलला आधी लिहून द्यावं लागतं, त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात. ती प्रत्येक मॉडेलची वेगळी. एकाच कंपनीच्या दोन फोनांतही पडद्याचा पुरवठादार बदलला की वेगळी. वर कॅमेरा, मॉडेम, ग्राफिक्स यांचे ड्रायव्हर चिप बनवणाऱ्याचे आणि कुलूपबंद. ते एका ठरावीक कर्नलसाठी बनवलेले असतात. चिपवाल्याने त्या चिपकडे पाठ फिरवली की फोनवाल्याची इच्छा असूनही त्याचे हात बांधलेले.

आणि या सगळ्याच्या आधी बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमचं, कुलूप आहे. पीसीत 'सिक्युअर बूट' बंद करायची सोय सहसा बायोसमध्येच असते. फोनचं कुलूप उघडायचं की नाही हे कंपनी ठरवते. काही देतात, काही आठवडाभर ताटकळत ठेवून देतात, काही देतच नाहीत.

सांजवात

हे वाचून बाबांना फोन केला. म्हणाले, 'वर्गात हजेरी न देणारी मुलं पटावरून कमी करतात.' पण मग ते लिनिएज वगैरे ऐकते ते काय?

रॉमखोर

लिनिएज ओएस म्हणजे सायनोजेनमॉड या हौशी मंडळींनी बनवलेल्या अँड्रॉइडचा वारस. सायनोजेन कंपनीने २०१६च्या अखेरीस गाशा गुंडाळला, तेव्हा स्वयंसेवकांनी तेच काम नव्या नावाने पुढे नेलं. ज्या मॉडेलसाठी कुणीतरी हौशी माणूस ती डिव्हाइस ट्री सांभाळतोय, त्यालाच ते मिळतं. त्यांच्या यादीत बाबांचा फोन असला तर नव्या अँड्रॉइडचा आनंद घेता येतो. त्या हौशी माणसाने नवा फोन घेतला की कधीकधी आनंद संपतो.

पण ७४ वर्षांच्या माणसाच्या एकमेव फोनवर मी ते टाकणार नाही. कारण यूपीआय. बँकांची अॅप गूगलच्या प्ले इंटिग्रिटी नावाच्या तपासणीला विचारतात, 'हा फोन कंपनीने दिला तसाच आहे ना?' कुलूप उघडलेल्या फोनचं उत्तर 'नाही' असं जातं. मग काही अॅप चालतात, काही चालत नाहीत, काही आज चालतात आणि पुढच्या अपडेटला रुसतात. माझ्या दुसऱ्या फोनवर मी हा खेळ आवडीने खेळतो. बाबांचं दूधवाल्याचं बिल त्यावर नको.

संत्रानगरीवाला

भाऊ, सायनोजेनचं नाव काढलं आन् जुनी जखम उघडी केली. आपल्या देशात फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमीचे जेवढे प्रयोग झाले तेवढे कुठंच झाले नसतील. कोणाला आठवते का?

२०१४च्या ऑगस्टमध्ये इंटेक्सचा क्लाउड एफएक्स आला होता, फायरफॉक्स ओएसवाला. किंमत १,९९९ रुपये, रॅम १२८ एमबी! एमबी म्हटलं म्या, जीबी नाही. त्याच वर्षी डिसेंबरात मायक्रोमॅक्सचा यू युरेका, सायनोजेनवाला, ८,९९९चा. त्याच सायनोजेनच्या भारतातल्या हक्कावरून वनप्लस आन् मायक्रोमॅक्स दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. मग २०१५च्या जानेवारीत सॅमसंगचा झेड१, टायझेनवाला, जगात पहिल्यांदा भारतातच विकला. २०१६मध्ये इंटेक्सचाच अॅक्वा फिश, सेलफिश ओएसवाला. सेलफिश म्हणजे नोकियातून बाहेर पडलेल्या लोकांनी योला कंपनी काढून बनवलेलं. लुमियावाले, म्हणजे नोकियाच्या विंडोज फोनवाले, तर घरोघरी होते.

आन् बरं का, यातले विंडोज फोन सोडले तर बाकी सगळ्यांच्या पोटात लिनक्सचंच कर्नल. पंडितजी खूश. तरी सगळे गेले.

अडाणी_पंडित

खूश नाही, व्यथित आहे. पण माहिती अचूक आहे.

देवाघरची_लुमिया

माझं सदस्यनाम बघून कळलंच असेल मी कुठल्या पंथाची. लुमिया ५२०. ५१२ एमबी रॅमवर असं लोण्यासारखं चालणारं काही मी आजवर पाहिलं नाही. तिला हार्डवेअरने मारलं नाही, अॅपांनी मारलं. बँकेचं अॅप नाही, टॅक्सीचं अॅप अर्धवट, आणि ३१ डिसेंबर २०१९ला व्हॉट्सअॅपनेही विंडोज फोनवरचा पाठिंबा काढला. त्या दिवशी सोसायटीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, सगळ्यांतून एकदम हद्दपार. दोन दिवस फार शांततेत गेले, मग नवा फोन घेतला.

रॉमखोर

लुमियाताईंनी वर्मावर बोट ठेवलं. आणि उलट बाजूचं उदाहरण जिओफोन. २०१७चा जिओफोन कायओएसवर चालतो आणि कायओएस त्याच मेलेल्या फायरफॉक्स ओएसच्या मुळावर उगवलेलं आहे. म्हणजे क्लाउड एफएक्समध्ये जे हरलं तेच बटणांच्या फोनमध्ये कोट्यवधी घरांत पोचलं. सप्टेंबर २०१८मध्ये त्यावर व्हॉट्सअॅप आलं. सिस्टिम चांगली की वाईट याने आपल्याकडे फोन जगत-मरत नाही.

राईनकाठ

इकडे जर्मनीत या विषयाला सध्या राजकीय रंग आहे. म्युनिक महापालिकेने शतकाच्या सुरुवातीला हजारो संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. आता उत्तरेतलं श्लेस्विग-होल्श्टाइन राज्य लिब्रेऑफिस आणि लिनक्सकडे चाललंय. फोनांबाबत मात्र युरोपीय संघाने २० जून २०२५पासून नियमच केला: मॉडेलची विक्री बंद झाल्यानंतर किमान पाच वर्षं सिस्टिमचे अपडेट द्यायचे. गूगलने पिक्सेल ८पासून आणि सॅमसंगने एस२४पासून सात वर्षांचं आश्वासन दिलेलं आहेच, पण ते महागड्या फोनांना. नियमाचा फायदा स्वस्त फोनांना होईल. भारतात असा नियम आला तर चिपवाल्यांनाही हलावं लागेल, एवढी मोठी बाजारपेठ आहे.

अवांतर: इथे भंगारात टाकलेले लॅपटॉप इतके सुस्थितीत असतात की जीव तुटतो.

नेटबुकवाला

माझ्याकडे २००९चं नेटबुक आहे. अॅटम एन२७०, १ जीबी रॅम. धाग्यातला उत्साह बघून माळ्यावरून काढलं. मिंट चढेना.

मिंटाळलेला

चढणार नाही. एन२७० हा ३२ बिटांचा प्रोसेसर आहे आणि तो जमाना आटपत आला. डेबियन या दुसऱ्या लिनक्सची १३वी आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये आली, त्यात ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. डेबियन १२ चालेल, त्याचे दीर्घ मुदतीचे अपडेट जून २०२८पर्यंत आहेत. अँटीएक्स हे हलकं लिनक्सही बघा.

पण ब्राउझरचं दुखणं मोठं आहे. क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६मध्येच सोडलं, फायरफॉक्सने १४५व्या आवृत्तीपासून सोडलं. त्यामुळे त्यावर इंटरनेट हा नाद नको. टंकलेखन, गाणी, जुने खेळ, एवढंच.

जाता जाता, हेही लक्षात घ्या की लिनक्सवाले जुनं हार्डवेअर सहज सोडत नाहीत. लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये ज्या ३८६ प्रोसेसरवर कर्नल लिहिलं तो १९८५चा होता. त्याचा पाठिंबा २०१३च्या ३.८ आवृत्तीत काढला. ड्रायव्हर कर्नलच्या आतच असल्याने कंपनी विसरली तरी कुणीतरी त्याला सांभाळत असतं. रॉमखोर सांगतायत ते फोनचं दुखणं नेमकं हेच, तिथे ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहतात.

नेटबुकवाला

म्हणजे परत माळ्यावर. बायको म्हणाली, 'सांगितलं होतं.' तिने नव्हतं सांगितलं.

खिळेजुळणी

बाबांच्या खऱ्या कामाबद्दल कुणीच बोलत नाहीये: मराठी टायपिंग. मी वर्षानुवर्षं डीटीपी केलंय, म्हणून विचारतो. सांजवात, बाबा कशावर टाइप करतात? श्रीलिपी, आयएसएम या जुन्या फॉन्ट-प्रणाली, की युनिकोड इनस्क्रिप्ट? यावर सगळं अवलंबून आहे.

इनस्क्रिप्ट असेल तर चांदी. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी निवडलं की तोच सरकारी आराखडा मिळतो, बोटांना काही नवीन शिकायचं नाही. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारे असतील तर आयबस (टंकलेखनाचं साधन) आणि त्याचं एम१७एनचं पॅकेज टाका, त्यात मराठीसाठी उच्चारानुसारी पर्यायही आहेत.

श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फायली असतील तर मात्र जपून. त्या फॉन्टांत 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की कडबोळं दिसतं. ते लिनक्समुळे नाही, विंडोजवरही तसंच दिसेल. अशा फायलींचं युनिकोडमध्ये रूपांतर विंडोज आहे तोवरच उरकून घ्या आणि पीडीएफही काढून ठेवा.

लिब्रेऑफिसमध्ये एक गोष्ट करायचीच. सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ची भाषा मराठी ठेवा, हिंदी नाही. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श आहेत, त्यांत भाषा मराठी असली तरच ते उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात आणि निवृत्त मुख्याध्यापकांच्या ते पहिल्या ओळीत लक्षात येईल. लोहित मराठी, मुक्त, नोटो, सगळे फुकट आहेत.

सांजवात

खिळेजुळणी, दंडवत. बाबा इनस्क्रिप्टवर आहेत, पण २०१८च्या आधीची सगळी पत्रं श्रीलिपीत. साडेचारशे फायली! आणि प्रिंटर एचपीचा लेझरजेट १०२०, तोही जुनाच.

घिसाडी

१०२० चालतो, फक्त त्याची खोड माहीत हवी. त्याला स्वतःचं फर्मवेअर पोटात ठेवता येत नाही, दरवेळी चालू केला की संगणकाने ते पाठवावं लागतं. लिनक्समध्ये एचपीलिप नावाचं साधन हे करतं, पण त्याचं जोड-प्लगइन इंटरनेटवरून एकदा उतरवून घ्यावं लागतं. ते न घेता लोक 'प्रिंटर दिसतो पण छापत नाही' म्हणून धागे काढतात.

कॅननचा एलबीपी २९०० असता तर मी तोंड वाकडं केलं असतं. तो कॅप्ट नावाच्या बंदिस्त भाषेत बोलतो, हौशी लोकांनी ड्रायव्हर लिहिलेत पण वेळ खातं. नवीन वायफाय प्रिंटर मात्र बहुतेक ड्रायव्हरशिवाय चालतात.

जमाखर्च

एक प्रामाणिक सल्ला माझ्याकडूनही. दोन्ही सिस्टिमी एकत्र ठेवायच्या ठरल्या, तर विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' आधी बंद करा. ते चालू असेल तर विंडोज नीट बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहायला नकार देतं.

दुसरं घड्याळ. विंडोज बोर्डावरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ. त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेलं की बरोब्बर साडेपाच तासांचा फरक. माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर बँकेची वेबसाईट उघडेना, सगळे इंटरनेटला शिव्या घालत होते. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगायची एका ओळीची आज्ञा आहे.

मिंटाळलेला

साहेब! तुम्ही घरात लिनक्स ठेवता?

जमाखर्च

भाचीच्या. म्हटलं ना, भाचीच्या.

संत्रानगरीवाला

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, इथं तर पक्षांतर झालं.

सांजवात

अद्ययावत माहिती. गेल्या आठवड्यात चिपळूणला जाऊन आले.

एसएसडी आणि रॅम दोन्ही टाकल्या. स्लॉट दोन निघाले, त्यामुळे आता ८ जीबी. पंख्यातून निघालेली धूळ आईने मोठ्या अभिमानाने शेजारच्या काकूंना दाखवली. बॅटरी टुणटुणीत सपाट. पेनड्राइव्हवर सगळं तपासलं, वायफाय पहिल्या फटक्यात लागलं. बोटाच्या ठशाचं बटण चालत नाही, पण ते बाबांनी कधी वापरलेलंच नव्हतं. विंडोज पूर्ण काढलं, मिंट सिनॅमन टाकलं. जुनी हार्डडिस्क यूएसबीच्या डबीत घालून ठेवलीय, श्रीलिपीच्या फायली तिच्यावर जशाच्या तशा. रूपांतराचं काम माझ्या लॅपटॉपवर सुरू आहे. जोडाक्षरं मधूनमधून तुटतात, पण बाबा तपासायला बसलेत आणि लाल पेन घेऊनच बसलेत.

तक्रारी दोनच. एक, सॉलिटेअरची पानं 'वेगळी दिसतात'. दोन, डेस्कटॉपवरचं ते हिरवंगार टेकडीचं चित्र कुठे गेलं. चित्र आमच्या गच्चीतून दिसणाऱ्या परशुरामच्या डोंगराचं लावून दिलं, दुसरी तक्रार मिटली. पहिली चालू आहे.

फोनचं: रॉमखोर यांचं ऐकलं, काही टाकलं नाही. यूपीआय आणि बँक आईच्या नव्या फोनवर हलवलं. बाबांचा जुना फोन आता रेडिओ, गाणी आणि कॅमेरा. तो लिनिएजच्या यादीत आहे की नाही ते बघून ठेवलंय. आहे!

रॉमखोर

आहे? मग पैशांचं काही उरलंच नाही त्यावर. मॉडेल व्यक्तिगत निरोपाने कळवा. बूटलोडर उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, फोटो आधी काढून घ्या.

खिळेजुळणी

जोडाक्षरांचं सांगतो. रूपांतरात हमखास मरतो तो 'दऱ्या', 'सुऱ्या', 'पुढाऱ्यांना' यातला अर्धा र. कन्व्हर्टर त्याचा रफार करतो आणि 'पुढार्यांना' असं येतं. आधी 'र्य' शोधा आणि एकेक बघून बदला. सरसकट बदलू नका, नाहीतर 'सूर्य' आणि 'आचार्य' बिघडतील. नव्याने टंकताना इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. बाबांना बहुधा माहीत असेल.

सांजवात

विचारलं. म्हणाले, 'त्यांना विचार, "तऱ्हा"चं काय?' त्यांच्या कुठल्याशा जुन्या पत्रात 'तर्हा' असं झालंय आणि ते संपादकांना गेलंय.

खिळेजुळणी

तीच युक्ती. शिफ्ट-जे, डी, मग यू. आणि 'र्ह' शोधताना 'गर्हा' राहू द्या म्हणावं.